पेटीतली ऊब

१

आमच्या घरात गाडी चालवायची बायकोनं आणि दुरुस्त करायची मी, ही वाटणी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ठरली. ती ड्रायव्हिंग शिकवायची. तीस वर्षं शिकवलं. आमच्या गावातल्या निम्म्या लोकांना तिनं गाडी चालवायला शिकवलं आणि उरलेल्या निम्म्यांना तिच्या विद्यार्थ्यांसमोरून पटकन रस्ता ओलांडायला. मला मात्र तिला शिकवता आलं नाही. तीन दिवस प्रयत्न करून ती म्हणाली, "अहो, तुम्ही आपले बॉनेटच्या त्या बाजूलाच राहा. संसार टिकेल."

तेव्हापासून मी बॉनेटच्या त्या बाजूला आहे, आणि संसारही टिकला.

माझी नोकरी कारखान्यात होती. तापमापक आणि दाबमापक खरं बोलतात की नाही, हे तपासायचं. त्यामुळे कुठलीही गोष्ट दोनदा मोजल्याशिवाय मानायची नाही, ही खोड मला जन्माची लागली.

गाडी म्हणजे दोन माणसांपुरती, उघड्या टपाची, पिवळी जुनी स्पोर्ट्स कार. बॉनेटवर बटबटीत डोळ्यांसारखे दोन दिवे, म्हणून तिचं नाव बेडकी. बायको लग्न करून आमच्या घरी आली ती ह्याच गाडीतून, आणि गाडी तीच चालवत होती. माझी आई दारात उभी राहून म्हणाली होती, "नवरी कुठाय? हा ड्रायव्हर कोण?"

गेल्या वर्षी बायकोच्या फुफ्फुसांनी संप पुकारला. चाळीस दिवस हॉस्पिटल. त्यातले अकरा दिवस तिच्या वाटचा श्वास यंत्रानं घेतला. एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून खुर्चीवर बसवलं, हातात पाण्याचा ग्लास दिला. त्यावरूनच मी काय ते समजलो. पण त्याच संध्याकाळी बायकोनं डोळे उघडले. तिसऱ्या दिवशी नळी काढली. घोगऱ्या आवाजात तिचं पहिलं वाक्य आलं, "बेडकीची बॅटरी उतरली असेल. बघितलीत का?"

मी रडायला लागलो. ती म्हणाली, "म्हणजे नाही बघितलीत."

घरी आल्यावर तिनं जाहीर केलं की साठावा वाढदिवस डोंगरावरच्या कठड्यापाशी साजरा करायचा आणि तिथवर बेडकी तिनंच न्यायची. भर हिवाळ्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जा, पण गार वारा छातीला लागता कामा नये. गाडीत हीटर आहे ना?"

"आहे की!" बायको म्हणाली.

हीटर बारा वर्षं बंद होता. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तिनं माझ्याकडे पाहून एक डोळा मिटला आणि माझं काम ठरलं.

२

हीटर म्हणजे काही फार मोठं शास्त्र नाही. पत्र्याची एक पेटी असते, शिलाई मशीनच्या झाकणाएवढी, इंजिनाच्या मागे बसवलेली. इंजिनातलं गरम पाणी त्या पेटीतल्या जाळीतून फिरतं, पंखा जाळीवरून हवा ढकलतो आणि ती ऊब दोन वाटांनी आत येते, थोडी पायांशी, थोडी समोरच्या काचेवर. कुठल्या वाटेनं किती, हे झडपा ठरवतात. झडपांना कडेनं फोम लावलेला असतो, म्हणजे हवा गळत नाही.

सकाळी बायकोला औषध द्यायचं, दोघांनी चहा प्यायचा, वर्तमानपत्रातलं कोडं अर्धं सोडवायचं आणि मग मी गॅरेजमध्ये जायचं, असा आमचा क्रम बसला. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडून विचारायची, "सात अक्षरी शब्द, हट्टी माणूस!" मी गाडीखालून ओरडायचो, "तुझं नाव घाल!" अशी मजा. चाळीस दिवस त्या घरात फक्त फ्रीजचा आवाज ऐकला होता. त्यानंतर ती खिडकीतली हाक म्हणजे सण होता.

पेटी काढायला दोन दिवस गेले. एक बोल्ट जागेवरच कुजला होता. तो निघाला तेव्हा माझ्या बोटाचं साल घेऊनच निघाला. पेटी टेबलावर ठेवून मी तिच्या क्लिपा सोडवल्या आणि एकेक भाग जुन्या चादरीवर ओळीनं मांडला. पंखा. मोटर. जाळी. दोन झडपा. फोमचा पार भुगा झाला होता, हात लावला की काळ्या पिठासारखा सांडायचा. शेवटी उरला रिकामा पत्रा. गंजलेला, तळाशी तीन भोकं पडलेला.

तळ पुसायला मी फडकं घेऊन पेटीच्या तोंडातून हात आत घातला, आणि मनगटावर ऊब लागली.

उन्हानं पत्रा तापला असेल, म्हणून मी सोडून दिलं. पण पत्र्याला हात लावला तर पत्रा गार होता.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. मी मुद्दाम हात आत घातला. ऊब होती. ओलसर होती. आणि ती सारखी नव्हती, यायची, मग जायची, मग यायची.

माझा हात चुकू शकतो. माझा तापमापक चुकत नाही, तो मी स्वतः तपासलेला आहे. गॅरेजमधली हवा सतरा अंश. पेटीच्या तोंडाशी मी तो धरला. पारा चढला, किंचित उतरला, पुन्हा चढला आणि चौतिसाच्या आसपास घुटमळत राहिला. मी खिडकी बंद केली, दार बंद केलं, पेटी उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवली. चौतीस.

मग एक मूर्खपणा केला. तापमापक माझ्या स्वतःच्या तोंडापुढे धरला आणि त्यावर हळूच श्वास सोडला.

चौतीस.

"अहो!" खिडकीतून हाक आली. "चार अक्षरी, शेजारी उभा राहतो पण दिसत नाही!"

मी पारा उतरायची वाट बघत होतो. ती स्वतःच हसली आणि म्हणाली, "राहू द्या, येईल मला."

३

बायकोचा धाकटा भाऊ रेडिएटरचं दुकान चालवतो. पत्र्याला डाग देणं, भोकं बुजवणं, जाळ्या धुणं ही कामं त्याच्यासारखी कुणाला जमत नाहीत. बोलणंही नाही. लहानपणापासून त्याला सगळे गप्प्या म्हणतात. गिऱ्हाइकाचा रेडिएटर दुरुस्त होतो तोवर त्याला गप्प्याच्या चुलत सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन तोंडपाठ झालेलं असतं.

मी पेटी आणि जाळी घेऊन गेलो. मनात ठरवलं होतं की काही बोलायचं नाही, फक्त बघायचं. माझ्या डोक्यात काही बिघडलं असेल तर ते गप्प्याला दिसणार नाही. आणि त्यालाही दिसलं, तर मग बघू.

"या भाऊजी! ताई काय म्हणते? परवा फोनवर मला शिव्या दिल्या तिनं, अगदी आधीसारख्या, कान तृप्त झाले!" असं म्हणत त्यानं पेटी घासली, भोकांवर पत्र्याचे तुकडे बसवले, डाग दिले. आगीची ज्योत पेटीच्या तोंडाजवळ आली की बाहेर झुकायची, मग आत ओढली जायची. तो बडबडत होता, त्याचं लक्ष नव्हतं. माझं होतं.

"आता गळती बघू," तो म्हणाला. पेटीची सगळी तोंडं त्यानं पट्टी चिकटवून बंद केली, एक बोटाएवढं भोक तेवढं हवेची नळी लावायला ठेवलं. मग ब्रशनं सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी फासलं. हवा भरली की जिथं गळती असेल तिथं फेस फुगतो. साबणाचं पाणी त्या उघड्या भोकावरही ओघळलं.

भोकावर एक फुगा आला.

लिंबाएवढा झाला, संत्र्याएवढा झाला, त्यात खिडकीतल्या उजेडाचे सगळे रंग फिरायला लागले. मग तो लहान झाला, पार भोकापर्यंत परत गेला. आणि पुन्हा फुगला.

"अरे वा!" गप्प्या लहान मुलासारखा हसला. "बघा, बघा भाऊजी, कसा झकास..." आणि त्यानं मागे पाहिलं. हवेची नळी जमिनीवर पडली होती. कॉम्प्रेसर बंद होता. त्याचा प्लगसुद्धा काढलेला होता.

फुगा आणखी एकदा मोठा झाला. लहान झाला. आम्ही दोघं वाकून बघत होतो. खरं सांगतो, त्या क्षणी मला भीती नाही वाटली. तो फुगा फार सुंदर होता. त्यात आम्हा दोघांचे वाकडे, फुगीर चेहरे दिसत होते, आणि ते हसत होते.

मग तो फुटला. त्याची ओली ऊब माझ्या गालाला लागली.

त्या दिवशी मी गप्प्याला पहिल्यांदा गप्प झालेलं पाहिलं. त्यानं पट्ट्या एकेक करून सोडवल्या, हळू, जखमेवरची पट्टी सोडवावी तशा. पेटी फडक्यानं पुसली. जाळी धुऊन कागदात बांधून दिली. मी निघालो तेव्हा दारात येऊन तो एवढंच म्हणाला, "भाऊजी, गळती वगैरे काही नाही. पण मला एक सांगू नका. ही पेटी चहूकडून बंद कर, असं मला कधी सांगू नका."

"काय आहे रे हे?"

"मला काय ठाऊक?" तो म्हणाला. "मी पत्र्याचं काम करतो."

४

फोम कापायचं काम बायकोनं माझ्या हातून काढून घेतलं. "तुमची कात्री म्हणजे कुऱ्हाड," म्हणाली. मग पेटी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आली.

ते चार-पाच दिवस आमच्या घरातले सगळ्यात आनंदाचे होते, हे मी आजही सांगेन. तिनं कागदावर झडपांची मापं काढली, फोमच्या पट्ट्या कापल्या, डिंक लावला. डिंक तिच्या केसाला लागला, माझ्या चष्म्याला लागला. तिचे जुने विद्यार्थी भेटायला यायचे, त्यांनाही ती कामाला लावायची. एक बँकेतला साहेब, चांगला टायबिय लावून आलेला, तासभर झडपेची बिजागरी घासत बसला. जाताना म्हणाला, "बाई, कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं."

ती जेवायला लागली. दोन पोळ्यांच्या चार झाल्या. गालांवर रंग आला. जिना चढताना मध्ये थांबायची, ते थांबणं बंद झालं.

आणि ती हात शेकायची. काम करता करता दोन्ही हात पेटीच्या तोंडाशी न्यायची, चुलीपुढे न्यावेत तसे.

"कुठून येणार त्यात ऊब?" मी एकदा विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला. "सुटी आहे ती. ना पाणी, ना मोटर."

"येते तर खरी."

"कुठून, ते विचारतोय."

"अहो," ती म्हणाली, "तुम्हाला आयुष्यभर एक सवय आहे. ऊब आली की आधी मोजायची. जरा हात शेकून घ्या ना." आणि तिनं माझे हात ओढून पेटीच्या तोंडाशी धरले. आम्ही तसे बराच वेळ बसलो, आमचे चार हात एका रिकाम्या पत्र्यापुढे. मला वाटलं, हे काहीही असो, असंच चालू राहू दे.

पेटीला काळा रंग द्यायला मी ती अंगणात नेली. पहिला हात दिला. आत आलो तर बायको सिंकपाशी चूळ भरत होती.

"काय झालं?"

"काही नाही. तोंडाला रंगाची चव येतेय," ती म्हणाली. "वास आला असेल."

दार बंद होतं. वारा उलट्या बाजूचा होता. मी उरलेला रंग फक्त बाहेरून दिला, तोंडाच्या कडेला ब्रश लागू दिला नाही, आणि रंग वाळेपर्यंत पेटीपाशी पुठ्ठ्यानं वारा घालत बसलो. साठी उलटलेला माणूस अंगणात बसून एका डब्याला वारा घालतोय. शेजारीण कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "काका, त्याला ताप आलाय का?" मी हसलो. पण वारा घालणं थांबवलं नाही.

५

दुपारचे साडेतीन वाजले असतील. स्वयंपाकघरात चांगलं ऊन आलं होतं. बायको टेबलावर डोकं टेकून, हाताची उशी करून झोपली होती. समोर पेटी. मी दारात उभा होतो आणि सवयीनं तिच्या पाठीकडे बघायला लागलो. हॉस्पिटलमधून आल्यापासून ही सवय लागली होती. ती झोपली की पाठ वर जाते का, खाली येते का, ते बघायचं.

पाठ वर गेली. खाली आली. टेबलावर फोमचा बारीक भुगा पडला होता. पाठ खाली आली की पेटीच्या तोंडापुढचा तो भुगा पुढे सरकायचा. पाठ वर गेली की मागे.

मी घड्याळ काढलं. एका मिनिटाला चौदा. पाठ चौदा, भुगा चौदा. दुसऱ्या मिनिटालाही. तिसऱ्या मिनिटाला तिनं झोपेत एक मोठा उसासा सोडला, आणि भुगा टेबलावरून खाली उडाला.

योगायोग असतो. दोन लोलक एका भिंतीवर टांगले की हळूहळू एका लयीत येतात, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. तिचाच श्वास टेबलावरून वाहत जाऊन पेटीच्या पत्र्यावर आपटून परत येत असेल. मी हे सगळं मनात नीट मांडलं. मग मी पुढे गेलो आणि जे करायला नको होतं ते केलं. उजव्या हाताचा तळवा पेटीच्या तोंडावर ठेवला आणि घट्ट दाबला. दुसरं तोंड कापडानं आधीच झाकलेलं होतं.

तळव्याला आतून कुणीतरी ढकललं. अगदी हलकेच.

तिची पाठ वर गेली नाही.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. मी, जो सगळं मोजतो, त्यानं ते मोजलं नाही. मला हात काढता येईना, हात जणू माझा नव्हताच. तेवढ्यात बायको डोळे न उघडता, अगदी शांतपणे म्हणाली, "अहो, हात काढा ना."

मी हात काढला. तिनं दीर्घ श्वास घेतला, डोळे उघडले, आळस दिला.

"काय हो? घाबरलात कशानं?"

नंतर मी स्वतःला बजावलं की माझा डावा हात तिच्या खांद्यावर होता. तिला उठवायला मी तो ठेवला असणार, आणि ती त्याच हाताबद्दल बोलली. असं असू शकतं. पण डावा हात तिच्या खांद्यावर होता की नव्हता, हे मला आजही आठवत नाही.

६

वाढदिवसाच्या चार दिवस आधी तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी बोटाला यंत्र लावलं आणि भुवया उंचावल्या. "नव्याण्णव! माझं येत नाही एवढं." मग स्टेथोस्कोपची नळी छातीला लावली.

"मोठा श्वास घ्या."

"घेतला."

"आणखी मोठा."

"घेतेय की!"

त्यांनी नळी इथं लावली, तिथं लावली, पाठीवर लावली. नळी झटकली, बोटानं टिचकी मारून पाहिली. दुसऱ्या खोलीतून दुसरी आणली. पुन्हा बराच वेळ ऐकत राहिल्या. मी त्यांचा चेहरा बघत होतो. शेवटी त्या हसल्या. "छाती इतकी स्वच्छ की काही ऐकूच येत नाही! आमची यंत्रंच म्हातारी झालीत बहुतेक."

"आमच्या ह्यांना दाखवा," बायको म्हणाली. "यंत्रं खरं बोलतात की खोटं, ते हे बरोब्बर सांगतात."

दोघी हसल्या. मीही हसलो. काय करणार?

घरी येऊन मी गॅरेजमध्ये बसलो. समोर पेटी होती, काळी, चकचकीत, नव्या फोमची. कारखान्यातून आलेली असावी अशी. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुबक काम. आणि मला ती गाडीत बसवायची भीती वाटत होती. तिथं धूळ, धक्के, उकळतं पाणी. एखादी नळी निसटली तर? मला वाटत होतं, ही कपाटात, मऊ कापडात, उघड्या दाराच्या कपाटात ठेवावी आणि शेजारी खुर्ची टाकून मी बसून राहावं.

बायको चहा घेऊन आली. माझ्या शेजारी स्टुलावर बसली.

"बसवायची नाही का?"

"विचार करतोय."

"कसला?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिला किती ठाऊक होतं, मला कळत नव्हतं. "समज, काही बिघडलं..."

"मी तीस वर्षं लोकांना एकच गोष्ट शिकवली," ती म्हणाली. "गाडी दारात उभी ठेवली की ती सुरक्षित असते. पण ती दारात उभी राहायला केलेली नसते." तिनं पेटीवर हात फिरवला, मांजरावर फिरवावा तसा. "बसवा. आणि नीट बसवा. तुम्ही बसवलेलं आजवर काही निसटलंय का?"

मी दोन दिवस घेतले. प्रत्येक बोल्ट दोनदा आवळला. प्रत्येक नळीला दोन-दोन पट्टे मारले. गरम पाण्याचा नळ मात्र मी उघडला नाही. इंजिनाचं पाणी त्या पेटीत गेलंच नाही. ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही.

सगळं झाल्यावर बायको ड्रायव्हरच्या जागेवर बसली, हीटरची तरफ पुढे केली. इंजिन बंद होतं.

"वा!" ती म्हणाली. "पायांशी काय छान ऊब येतेय!"

७

वाढदिवसाच्या दिवशी आकाश धुतल्यासारखं होतं. बायकोनं लाल टोपी घातली, माझ्या गळ्यात स्वतः मफलर गुंडाळला. गप्प्या मागून त्याच्या व्हॅनमधून येणार होता. व्हॅनमध्ये केक, सूप आणि पाठ केलेल्या दोन कविता होत्या, असं त्यानं धमकी द्यावी तसं सांगितलं.

टप उघडा होता. तिचाच हट्ट. "छातीला वारा नको ना? मग छाती हीटरपाशी आहे, डोकं वाऱ्यात. डॉक्टरीणबाई डोक्याबद्दल काही बोलल्या नाहीत!"

आणि काय चालवली तिनं गाडी! वळणावर वळणं. प्रत्येक वळणाआधी गिअर खाली, वळण संपता संपता पाय हलकेच दाबलेला. बेडकी उड्या मारत चालली होती. समोरून येणारे हात हलवत होते. एका ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवून सलामी दिली. तिनं त्याला ओरडून सांगितलं, "आरसा वाकडाय तुमचा!" मी हसत होतो, वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येत होतं. ऊब पायांवरून गुडघ्यांपर्यंत चढत होती. चढावर ती जोरात यायची, उतारावर मंद. वळणापाशी बायको श्वास रोखायची, तेव्हा एक क्षण यायचीच नाही.

मला ते सगळं जाणवत होतं, तरी मी सुखात होतो. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, हे मला आधी माहीत नव्हतं.

कठड्यापाशी पोचलो. वर कडाक्याची थंडी होती, गवतावर दव गोठलेलं. पाच-सहा माणसं आधीच आलेली होती. गाडी बघून सगळी धावली. बायकोनं इंजिन बंद केलं, टोपी सारखी केली आणि नटीसारखी उतरली. कुणी फोटो काढायला लागलं, कुणी दिव्यांवर हात फिरवायला लागलं. गप्प्या व्हॅनमधून उतरून केकची पेटी डोक्यावर धरून नाचत आला.

मी आतच बसून राहिलो. मफलरचं टोक दारात अडकलं होतं, ते सोडवत होतो.

समोरच्या काचेवर, तळाशी, जिथं हीटरची वाट उघडते तिथं, एक धुरकट गोल उमटला. बशीएवढा. तो विरला. पुन्हा उमटला. इंजिन बंद होतं, पंखा बंद होता. उमटला, विरला. मध्येच भराभर तीन-चारदा उमटला, एकावर एक, आणि मी मान वर केली.

काचेपलीकडे बायको हसत होती. गप्प्यानं काहीतरी विनोद केला होता, ती पोट धरून, वाकून, खळखळून हसत होती. सगळे हसत होते. थंडीमुळे सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. गप्प्याच्या तोंडातून किटलीसारखी. त्या फोटो काढणाऱ्या मुलीच्या, तिच्या नवऱ्याच्या, काठी टेकून उभ्या असलेल्या आजोबांच्या. पांढरे पांढरे पुंजके, उन्हात चमकणारे.

बायकोच्या तोंडातून काहीच निघत नव्हतं.

मी काचेवरच्या गोलाकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. पुन्हा गोलाकडे. मोजलं नाही. तरफ पुढे होती, वाट उघडी होती, एवढं हातानं चाचपून खात्री केली. मग मफलर सोडवला आणि उतरलो. दार लावून घेतलं, पण टप उघडाच राहू दिला.

ती फोटोवाली मुलगी कॅमेरा घेऊन बायकोच्या अगदी समोर येत होती. "काकू, अशाच हसत राहा हं!" मी भराभर चालत गेलो आणि बायकोच्या शेजारी उभा राहिलो, खांद्याला खांदा, गालाजवळ गाल, आणि तोंड उघडून जोरजोरात हसायला लागलो. माझी वाफ आम्हा दोघांच्या तोंडांवरून जात राहिली.

दुसऱ्या बाजूला कुणीतरी आलं. गप्प्या होता. केक त्यानं कुणाच्या तरी हातात दिला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. तोही तिच्या अगदी जवळ उभा राहिला, आणि तोही मोठमोठ्यानं श्वास सोडत हसायला लागला.

"अरे, काय हे!" बायको हसून हसून म्हणाली. "दोघं असे काय चिकटलाय मला? मला नाही थंडी वाजत!"